दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेले स्कोअर

आमच्या घरातली जुनी कॅलेंडरे रद्दीत जात नाहीत. पानांच्या मागे छापलेल्या पाककृतींपैकी एखादी कधीतरी उपयोगी पडेल या आशेवर पत्नी ती सारी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एकावर एक रचून ठेवते, आणि त्यामुळे, तिच्या मनात नसतानाही, भारतीय फुटबॉल संघाच्या गेल्या साडेसात वर्षांची एक नोंदवही आमच्याकडे तयार झाली आहे. तारखांच्या चौकोनांत गॅसचा सिलिंडर लावल्याची खूण असते, दुधाचे खाडे असतात, पाणीपुरवठा बंद असल्याचे दिवस असतात आणि जून २०१८ पासून पेन्सिलीने, माझ्या अक्षरात, भारताच्या सामन्याचा स्कोअर असतो. डिसेंबर २०२५ मधल्या गेल्या रविवारी निफाडचा पारा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचण्याइतका उतरला होता आणि बाहेर पडावेसे वाटत नव्हते, म्हणून मी ती सगळी कॅलेंडरे खाली काढली आणि दुपारभर, चहाच्या तीन फेऱ्यांमध्ये, पुन्हा वाचली.

आधीच सांगून टाकतो, की मी फुटबॉलचा जाणकार नाही. युरोपातल्या सामन्यांसाठी रात्री दीड वाजेपर्यंत जागणारी मुले आमच्या सोसायटीत आहेत. त्यांना मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे राखीव गोलरक्षक पाठ असतात, आणि भारताचा उजव्या बाजूचा बचावपटू कोण असे विचारले की ती नुसती हसतात. माझे नेमके उलटे आहे. मी फक्त भारत खेळतो तेव्हाच बघतो, म्हणजे वर्षातून दहा-बारा वेळा, आणि तेही सातपूरच्या कारखान्यातली पाळी आड आली नाही तर. अशा माणसाच्या मताला किती वजन द्यायचे ते वाचकाने ठरवावे. पण संघाची प्रगती होते आहे की नाही हा प्रश्न जाणकारांपेक्षा अशाच प्रेक्षकाला अधिक छळतो, कारण त्याला मन रमवायला दुसरा संघ नसतो.

माझी पहिली नोंद ४ जून २०१८ ची आहे. त्याच्या तीन दिवस आधी मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते, आणि ती गोष्ट कर्णधार सुनील छेत्रीला इतकी लागली, की दुसऱ्याच दिवशी त्याने एक छोटा व्हिडिओ प्रसारित करून, आम्हाला नावे ठेवा, टीका करा, पण मैदानावर या, अशी हात जोडून विनंती केली. माझा पुतण्या तेव्हा दहावीच्या निकालाची वाट पाहत घरी बसला होता. त्याने तो व्हिडिओ मला दाखवला आणि ‘काका, तुम्ही रजा टाका, आपण जाऊ’ असे इतक्या सहज म्हणाला, की नाही म्हणायला मला कारण सापडले नाही. सोमवारी सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडून आम्ही मुंबई गाठली आणि संध्याकाळी केनियाविरुद्धचा, छेत्रीचा शंभरावा, सामना पाहिला. मैदान खच्चून भरले होते, पाऊस असा कोसळत होता की समोरच्या बाजूचा गोलपोस्ट धूसर दिसत होता आणि चेंडू साचलेल्या पाण्यात मध्येच थबकत होता. तरीही भारत ३-० असा जिंकला आणि त्यातले दोन गोल छेत्रीचे होते. परतीच्या गाडीत ओल्या कपड्यांनी कुडकुडत कसारा घाट चढताना, मागून बँकर इंजिन लागले की गाडी जशी न थांबता वर चढत जाते तसा हा संघ आता चढतच जाणार, असा माझा समज झाला. पुढच्या साडेसात वर्षांत तो समज मला किती वेळा दुरुस्त करावा लागला, त्याचा हिशोब म्हणजेच ही कॅलेंडरे.

सुरुवातीला मात्र समज खरा ठरतो आहे असेच वाटले. ६ जानेवारी २०१९ च्या चौकोनात मी ‘थायलंड ४-१’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. आशियाई चषकातला भारताचा १९६४ नंतरचा तो पहिला विजय होता. आठच दिवसांनी, १४ जानेवारीला, बहारीनविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी असताना भारत नव्वद मिनिटे तग धरून राहिला आणि भरपाई वेळेत पेनल्टी देऊन ०-१ असा हरला. त्या दिवशी भोगी होती. बाजरीची भाकरी, तीळ, लोणी आणि भोगीची भाजी असे ताट पुढ्यात घेऊन मी तो शेवटचा क्षण पाहिला आणि पहिल्यांदा मला त्या गोष्टीची चुणूक लागली जी पुढे वारंवार दिसणार होती.

त्याच वर्षी, १० सप्टेंबरला, भारताने दोहामध्ये कतारला गोलशून्य बरोबरीत रोखले. कतार तेव्हा नुकताच आशियाचा विजेता झालेला होता, छेत्री आजारपणामुळे संघात नव्हता, आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने त्या रात्री जे काही अडवले त्याची मोजदाद मला जमली नाही. विसर्जन दोन दिवसांवर आले होते. मंडळाच्या मांडवात आरतीनंतर रेंगाळलेल्या आम्हा सहा-सात जणांनी एका मोबाइलभोवती डोकी जमवून तो सामना पाहिला, आणि संपल्यावर ढोल वाजवण्याची इच्छा रात्र झाल्यामुळे आवरावी लागली. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात, स्वतःच्या मैदानावर, भारताने बांगलादेशाविरुद्ध जेमतेम १-१ अशी बरोबरी साधली, तीही आदिल खानने ८८ व्या मिनिटाला डोक्याने गोल केला म्हणून. आशियाच्या विजेत्याला त्याच्या घरी रोखणारा संघ आणि शेजाऱ्यांसमोर आपल्या घरी धापा टाकणारा संघ हे दोन्ही एकच, ही गोष्ट पचवायला मला बराच वेळ लागला.

येथे जुन्या वैभवाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी ज्येष्ठ गृहस्थ १९५६ आणि १९६२ काढतातच. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, मुंबईकर नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आणि सहा वर्षांनी जाकार्तात सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई सुवर्ण जिंकले, हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. मात्र मेलबर्नला केवळ अकरा संघ होते, हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नव्हती, आणि जाकार्तातल्या स्पर्धेत फुटबॉलचे संघ आठ होते. त्या खेळाडूंचे कौशल्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्या काळाशी आजची तुलना करणे म्हणजे गल्लीत चार दुकाने असतानाचा धंदा आणि मॉल उघडल्यानंतरचा धंदा एकाच वहीत मांडण्यासारखे आहे. रहीम १९६३ मध्ये कर्करोगाने गेले, इतर देशांनी प्रशिक्षण, आहार आणि लीग उभारण्यावर पैसा ओतला, आणि आपण सुवर्णपदकाची छायाचित्रे जपली. वैभव गेले कोठे, या प्रश्नापेक्षा बाकीचे केवढे पुढे गेले हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो.

कॅलेंडरांच्या ढिगात सर्वांत आनंदी कॅलेंडर २०२३ चे आहे. मार्चमध्ये इंफाळची तिरंगी स्पर्धा, जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० असे हरवून जिंकलेला इंटरकॉन्टिनेंटल चषक, आणि गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, बंगळुरूत कुवेतला पेनल्ट्यांवर हरवून जिंकलेले सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, विजेतेपद. त्याच महिन्यात फिफाच्या क्रमवारीत भारत ९९ वा झाला. शंभराच्या आत आल्याचे पेढे मी खरोखरच कारखान्यात वाटले होते आणि एका सहकाऱ्याने पेढा तोंडात टाकत ‘नव्याण्णवावा आल्याचे पेढे असतात हे आजच कळले’ असे म्हटले होते. त्याचे बोलणे तेव्हा झोंबले. आता त्या नोंदी वाचताना मला एक गोष्ट ठळकपणे दिसते, की तिन्ही स्पर्धा भारतातच झाल्या होत्या. फिफाची क्रमवारी प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि सामन्याचे महत्त्व पाहून गुण देते किंवा कापते. आपल्या प्रेक्षकांसमोर, आपल्या हवेत, ठरावीक संघांशी खेळून जमवलेले गुण खोटे नसतात, पण त्यांतून संघाची खोली कळत नाही. घरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला गोदावरीच्या पुरात पोहता येईल असे कोणी म्हणत नाही.

त्या वर्षीची एक नोंद मात्र मला सगळ्या चषकांहून मोलाची वाटते, आणि दुर्दैवाने तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १६ नोव्हेंबर २०२३ ला, विश्वचषक पात्रता फेरीत, भारताने कुवेतला कुवेतमध्येच १-० असे हरवले. गोल मनवीर सिंगचा. आदल्याच दिवशी वानखेडेवर विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक केले होते आणि मोहम्मद शमीने सात बळी घेतले होते, त्यामुळे सगळे शहर त्याच नशेत होते. चहाच्या टपरीवर मी कुवेतचा विषय काढून पाहिला. एका भल्या माणसाने ‘कुवेतसुद्धा क्रिकेट खेळते का?’ असे विचारले. मी चहा संपवला.

२०२४ च्या कॅलेंडरवर एकही विजय नाही, असे मी लिहिले तर वाचकाला अतिशयोक्ती वाटेल. पण मी पाने दोनदा उलटून पाहिली आणि खरोखरच नाही. जानेवारीत कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१, म्हणजे तीन सामने आणि गोल शून्य. मार्चमध्ये, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, गुवाहाटीत छेत्रीचा दीडशेवा सामना होता. त्याने पेनल्टीवर गोल करून आघाडीही मिळवून दिली, आणि अफगाणिस्तानाने ७० व्या व ८८ व्या मिनिटाला गोल करून सामना नेला. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध गोलशून्य बरोबरीत छेत्रीचा निरोप झाला. १५१ सामने आणि ९४ गोल केलेला तो माणूस मैदानाला फेरी मारताना रडत होता, आणि मला त्याच्यासाठी जितके वाईट वाटले तितकीच काळजी त्याच्या जागी आता कोण, याची वाटली.

पाच दिवसांनी दोहाला जे झाले ते फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही ठाऊक आहे. लालियनझुआला छांगतेच्या गोलमुळे भारत ७३ व्या मिनिटापर्यंत १-० असा पुढे होता. त्या वेळी सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू कतारच्या खेळाडूने पायाने आत ओढला, त्यावर गोल झाला, पंचांनी तो दिला, आणि ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल खाऊन भारत १-२ असा हरला. तो सामना जिंकला असता तर भारत इतिहासात प्रथमच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेला असता. आठवडाभर माझ्या मोबाइलवर त्या चेंडूचे फोटो फिरत होते, रेषेवर लाल वर्तुळे काढलेले. अन्याय झाला यात शंका नाही. तरीही मला वाटते, की ती संधी दोहात गेली नव्हती. ती अडीच महिन्यांपूर्वी गुवाहाटीतच गेली होती, जेथे कोणताही पंच आड आला नव्हता आणि अफगाणिस्तानाला हरवायचे एवढेच काम होते. हे मत मी सोसायटीच्या ग्रुपवर मांडले, तेव्हा मला देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली.

पेन्सिल घेऊन मी त्या दुपारी एक उद्योग केला. ज्या सामन्यांत भारत अगदी शेवटी कोसळला त्या चौकोनांभोवती वर्तुळे काढली. बहारीन, भरपाई वेळ, पेनल्टी. अफगाणिस्तान, ८८ वे मिनिट, पेनल्टी. कतार, ८५ वे मिनिट. आणि यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, १० जूनला, वटपौर्णिमेच्या दिवशी, हाँगकाँग, भरपाई वेळ, पुन्हा पेनल्टी. शेवटच्या मिनिटांत आपणही दोन-तीनदा गोल करून वाचलो आहोत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण जड पारडे कोणते ते सांगायला तराजू लागत नाही. प्रशिक्षक बदलले, म्हणजे स्टीफन कॉन्स्टंटाइन गेले, इगोर स्टिमॅक आले आणि गेले, मानोलो मार्केझ आले आणि वर्षभरात गेले, तरी शेवटच्या दहा मिनिटांतली ती दमछाक, तो चुकीचा पाय घालणे, काही बदलले नाही. चार वैद्य बदलूनही ताप तोच राहतो तेव्हा घरातल्या शहाण्या माणसाने पाणी तपासायला द्यावे.

यंदाचे कॅलेंडर वाचताना मन सर्वांत जास्त हेलकावे खाते. १९ मार्चला आमच्याकडे रंगपंचमी होती. रहाडीतून, म्हणजे रंगाच्या हौदातून, भिजून आलेला, पिवळाधमक झालेला पुतण्या, जो आता पुण्यात नोकरी करतो आणि सणाला आला होता, टॉवेल गुंडाळून टीव्हीसमोर बसला आणि शिलाँगला भारताने मालदीवला ३-० असे हरवल्याचे आम्ही दोघांनी पाहिले. निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या छेत्रीने त्यात गोल केला. सोळा महिन्यांनंतरचा तो पहिला विजय. पुतण्या म्हणाला, ‘काका, चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावे लागते, यात आनंद कसला?’ मला उत्तर देता आले नाही, आणि सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाशी ०-० अशी बरोबरी झाल्यावर ते देण्याची गरजही उरली नाही.

आशियाई चषक २०२७ च्या पात्रतेसाठी भारताच्या गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते, आणि क्रमवारीत चौघांत वरचा भारत होता. गटात पहिला येणाराच पुढे जाणार होता. आजवरच्या पाच सामन्यांत आपले गुण दोन, आणि गोलही दोनच. ऑगस्टमध्ये खालिद जमील यांच्याकडे संघ आला, तेरा वर्षांनंतर प्रथमच एका भारतीयाकडे. हा माणूस मुंबईच्या मैदानांवर घडलेला, आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा. त्यांच्या पहिल्याच स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानाला त्यांच्या भूमीवर २-१ असे हरवले आणि पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी, क्रमवारीत पन्नासहून अधिक स्थानांनी वर असलेल्या ओमानला पेनल्ट्यांवर नमवून तिसरे स्थान मिळवले. त्या रात्री मी पुन्हा घाट चढू लागलो होतो. मग दिवाळीच्या आठवडाभर आधी, घरात चकल्यांचे तेल तापलेले असताना, मडगावला सिंगापूरविरुद्ध छांगतेने १४ व्या मिनिटाला गोल केला, आणि भारत तो सामना १-२ असा हरून स्पर्धेबाहेर गेला. चकल्या त्या दिवशी फार कुरकुरीत झाल्या होत्या, एवढेच मला आठवते.

१८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरवले. बांगलादेशाकडून हरण्याची ही बावीस वर्षांतली पहिली वेळ. येथे शेवटच्या मिनिटाची सबबही नव्हती. गोल सुरुवातीलाच झाला आणि उरलेला जवळजवळ संपूर्ण सामना हाताशी असून आपल्याला एक गोल करता आला नाही. क्रमवारी १४२ वर घसरली. त्याच रात्री, म्हणजे आपल्याकडे दुसरा दिवस उजाडला तेव्हा, कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ या बेटाने जमैकाला बरोबरीत रोखून २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळवला. त्या बेटाची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास आहे. नाशिक शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती.

साहजिकच दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात तो नेहमीचा प्रश्न आला, की एकशे चाळीस कोटींतून अकरा जण सापडत नाहीत का? मी या प्रश्नाला कंटाळलो आहे, कारण फुटबॉल लोकसंख्या खेळत नाही. क्युरासाओच्या संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढलेले आहेत, म्हणजे वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून दर आठवड्याला सामना, ठरलेला प्रशिक्षक आणि हिरवे मैदान मिळालेले. मोजायचे असेल तर माणसे मोजू नयेत. दहा ते सोळा वयाचा मुलगा वर्षात किती खरे सामने खेळतो ते मोजावे. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा शाळेच्या संघात आहे आणि चांगला खेळतो. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. गेल्या वर्षी त्यांचा संघ पहिला सामना जिंकला, दुसरा हरला आणि मोसम संपला. यंदा पहिलाच हरला. दोन वर्षांत त्याचे अधिकृत सामने तीन झाले. उरलेले वर्ष ही मुले गंगापूर रोडच्या बाजूला तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर, वर्गणी काढून, जाळीच्या पिंजऱ्यात पाच-पाच जण खेळतात. त्यात मजा आहे, घाम आहे, पायात चपळाईही येते. पण पूर्ण मैदानावर ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झाले असताना पेनल्टी क्षेत्राच्या आत समोरच्याला न पाडता कसे अडवायचे, हे त्या पिंजऱ्यात शिकता येत नाही. कॅलेंडरवरच्या त्या चार वर्तुळांचे उगमस्थान मला तेथे दिसते.

नाशिकने देशाला खेळाडू दिले नाहीत असे नाही. सावरपाड्याची कविता राऊत डोंगराळ रस्त्यांवर धावत राष्ट्रकुल स्पर्धेच्या पदकापर्यंत गेली, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवत होता. जिद्द, कष्ट आणि एखादा चांगला गुरू यांच्या बळावर एकटा माणूस धावू शकतो, वल्हवू शकतो. फुटबॉलला मात्र समोर आणखी अकरा लागतात, पुढच्या शनिवारी दुसरे अकरा लागतात, आणि हे वर्षभर चालू ठेवणारा कोणीतरी लागतो. आमच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात तेव्हा कट्ट्यांवर गर्दी जमते. फुटबॉलसाठी तशी गर्दी महाराष्ट्रात पाहायची तर कोल्हापूरला जावे लागते, जेथे पेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वैर जपतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच जिल्ह्यातला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

वरच्या पातळीवर दुसरे दुखणे आहे आणि ते गोल करण्याचे. इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात, आणि कोणताही क्लब आपला पैसा आधी स्ट्रायकरवर आणि मधल्या फळीतल्या सूत्रधारावर खर्च करतो. त्यात क्लबची चूक नाही. त्यांना सामने जिंकायचे असतात. परिणाम असा, की भारतीय मुलगा कडेला, विंगवर, खेळतो किंवा बचावात, आणि गोलसमोर थंड डोक्याने उभे राहण्याचा सराव ज्याला दर आठवड्याला हवा त्याला तो मिळत नाही. छेत्रीने २००५ ते २०२४ ही जागा एकट्याने सांभाळली, म्हणून ती रिकामी आहे हे आपल्याला वीस वर्षे दिसले नाही. त्यात यंदा लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्यामुळे आणि नव्या निविदेला कोणीच पुढे न आल्यामुळे लीग डिसेंबर २०२५ उजाडला तरी सुरू झाली नव्हती. आमच्या कारखान्यात आठ दिवस यंत्र बंद राहिले तर पहिल्या पाळीचा माल तपासणीत नापास होतो. माणसाच्या पायांचे वेगळे काय होणार?

तोडगा म्हणून भारतीय वंशाच्या परदेशी खेळाडूंना आणण्याची चर्चा जोरात आहे. बांगलादेशाने इंग्लंडमध्ये वाढलेल्या हमजा चौधरीला आणले आणि त्यांचा संघ बदलला, हे ढाक्यात दिसलेच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सला भारताकडून खेळण्यासाठी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागला. त्याची आई मुंबईत जन्मलेली. त्या माणसाविषयी मला आदरच वाटतो, आणि असे आणखी चार आले तर हवेच आहेत. फक्त त्यालाच प्रगती म्हणू नये, एवढे वाटते. पाहुण्यांसाठी बाहेरून जेवण मागवले म्हणून घरचा स्वयंपाक सुधारत नसतो.

प्रगती कशी दिसते ते मला उझबेकिस्तानाने दाखवले. महाराष्ट्राच्या एक तृतीयांश लोकसंख्येचा तो देश यंदा प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला, पण त्याआधी २०२३ मध्ये त्यांच्या वीस वर्षांखालील मुलांनी आणि यंदा सतरा वर्षांखालील मुलांनी आशियाई चषक जिंकला होता. खालून पाणी चढत होते, ते वरच्या टाकीत दिसायला वेळ लागला. हा निकष लावला की आमच्या कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानावर एक वेगळीच नोंद लक्ष वेधते. ढाक्याच्या पराभवानंतर बाराच दिवसांनी, ३० तारखेला, अहमदाबादला भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांनी पिछाडीवरून येऊन इराणला २-१ असे हरवले आणि आशियाई चषकात प्रवेश मिळवला. इराणला, ज्यांच्या मोठ्या संघाने तीन महिन्यांपूर्वी आपल्या मोठ्या संघाला ०-३ असे लोळवले होते. रविवार होता, मी एकटाच बघत होतो, आणि शेवटची दहा मिनिटे मी घड्याळाकडे पाठ करून उभा होतो. मुलांनी ती दहा मिनिटे काढली.

महिला संघाच्या नोंदी मी वर्षानुवर्षे ठेवल्याच नव्हत्या, हे मान्य करायला लाज वाटते. २०२२ मध्ये आशियाई चषक आपल्याच राज्यात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला असताना करोनामुळे तेरा खेळाडू उभे करता न आल्याने त्यांना स्पर्धेतून बाहेर पडावे लागले, तेव्हा मी दोन दिवस हळहळलो आणि विसरून गेलो. यंदा ५ जुलैला त्यांनी थायलंडला थायलंडमध्ये जाऊन २-१ असे हरवले, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई चषक गाठला. परक्या मैदानावर, क्रमवारीत वरच्या संघाला, जिंकणे अत्यावश्यक असताना हरवणे, ही परीक्षा पुरुष संघ ज्या ज्या वेळी नापास झाला ती या मुलींनी उत्तीर्ण केली, आणि त्या चौकोनात माझ्या हातची नोंदच नाही. तेथे पत्नीच्या अक्षरात ‘दूध नाही’ एवढेच लिहिलेले आहे. मी त्याखाली आता, पाच महिन्यांनी, २-१ लिहिले.

२०२६ चे कॅलेंडर परवाच आणले. मार्चच्या पानावर दोन नोंदी आगाऊ करून ठेवल्या आहेत. ३१ तारखेला पुरुष संघाचा हाँगकाँगशी उरलेला सामना आहे. त्याच्या निकालाने आता काहीच बदलणार नाही, तरी मी तो पाहणार आहे. ४ तारखेला पर्थला मुलींचा पहिला सामना व्हिएतनामशी आहे. ‘अहो, त्या चौकोनात मला सिलिंडरची तारीख लिहायची असते,’ असे पत्नीने बजावले, तेव्हा व्हिएतनाम खोडून चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पुन्हा लिहिले. वर स्कोअरपुरती जागा राहिली आहे.